नांदेडची लाइन

नांदेडला जाऊन आले असं सांगितलं, की समोरचं माणूस विचारतं, "गुरुद्वाऱ्याला का?" गुरुद्वाऱ्यात मी गेले, लंगरमध्ये पोटभर जेवले, गोदावरीच्या घाटावर पाय सोडून बसलेही. पण ते सगळं जाताजाता झालं. मी नांदेडला गेले होते ते एका आवाजाला भेटायला.

मी नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ट्रंक ऑपरेटर होते. आताच्या मुलांना हे समजावून सांगावं लागतं. परगावी बोलायचं तर लोकांनी आमच्याकडे नंबर नोंदवायचा, आम्ही त्या गावच्या ऑपरेटरला हाक मारायची, तिनं तिकडची दोरी जोडायची, की मग माणसं बोलणार. तीन तास वाट बघायची आणि तीन मिनिटं बोलायचं. आम्ही ऑपरेटर एकमेकींना गावाच्या नावानं ओळखायचो. "मिरज बोला." "अकोला बोला." आणि मी "नांदेड बोला" म्हटलं की पलीकडून एक मोकळा, जरा खर्जातला आवाज यायचा, "हाव नाशिक, बोला की."

ती मेहरुन्निसा. दुपारी लाइन रिकामी असली की आम्ही गप्पा मारायचो. तिचं लग्न ठरलं ते मला तारेवरच कळलं. माझे वडील आजारी होते तेव्हा मी नेहमीसारखं "नांदेड बोला" म्हटलं, तर ती म्हणाली, "नाशिक, आज आवाज बसलाय. काय झालं?" घरातल्या कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सहा वर्षं असं चाललं. मग लोक घरबसल्या थेट नंबर फिरवू लागले, आमचे बोर्ड काढून नेले, मला बिलांच्या टेबलावर बसवलं आणि नांदेड तुटलं ते तुटलंच. आम्ही एकमेकींना कधी पाहिलं नव्हतं.

गेल्या वर्षी निवृत्त लोकांच्या मोबाइलवरच्या एका ग्रुपात तिचं नाव दिसलं. मी लगेच फोन लावला. तिनं कापला आणि लिहिलं, "नाशिक, लिहून बोल." पुढे प्रत्येक वेळी तेच. लिहिण्यात ती तशीच मजेदार होती, पण फोन कधी उचलायची नाही. मला राग यायचा. शेवटी मी कळवलं, "तिकीट काढलंय. तीन दिवस राहीन." दोन दिवस उत्तर आलं नाही. मग एकच शब्द आला: "ये."

नांदेड

नोव्हेंबरातली सकाळ. फलाटावर उतरले तर जिन्याजवळ पिस्ता रंगाच्या ओढणीतली एक बुटकी बाई उभी. ग्रुपातल्या फोटोत तीच ओढणी होती, म्हणून मी ओळखलं आणि पाठीमागून हाक मारली, "मेहर." ती वळली नाही. आणखी जवळ जाऊन मारली. हमालांनी मागे पाहिलं, पण तिनं नाही. मी खांद्याला हात लावला तेव्हा ती दचकून फिरली, माझ्याकडे नीट पाहिलं, आणि आवाज जरा जास्तच चढवून म्हणाली, "बोला नाशिक."

मग तिनं स्वतःच्या कानाकडे बोट केलं आणि हात आडवा हलवला.

चार वर्षांपूर्वी तापाचं निमित्त झालं आणि दोन्ही कान गेले. मशीन लावून पाहिलं, नुसती घरघर. हे सगळं तिनं रिक्षात बसल्यावर सांगितलं. मी काहीतरी विचारायला लागले तर तिनं आपला मोबाइल माझ्या तोंडासमोर धरला. मी बोलले आणि पडद्यावर माझी वाक्यं मराठीत उमटायला लागली.

मी विचारलं, "मला सांगितलं का नाहीस?"

तिनं वाचलं. "टेलिफोनवाली बहिरी झाली, हे कोनत्या तोंडानं सांगू? आन् माझा आवाज मलाच येत न्हाई. कसा लागून राहिला काय माहीत. तुझ्या कानात तो जुना आवाज होता. म्हणलं, तोच राहू दे."

मी मोबाइल हातात घेतला आणि सावकाश म्हणाले, "तसाच आहे."

तिनं ते दोनदा वाचलं आणि रिक्षाबाहेर बघत राहिली. मीही दुसऱ्या बाजूला बघत राहिले.

तिचं घर बाजाराला लागून आहे. मुलगा इरफान मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. आईच्या मोबाइलमधली ही सोय त्यानंच करून दिलेली. सून नाझियानं दुपारी बगारा भात आणि चिंचेची खट्टी दाल केली होती. भाताला लवंग-दालचिनीचा वास, आणि दाल अशी की मी ताटाला बोट लावून चाटली. नाशिकला आम्ही तिखटावर जगतो. आंबट इतकं पोटभर खाता येतं हे मला नवीन होतं.

चहा आला तेव्हा मी साखर नको म्हणून सांगितलं, "मला मधुमेह आहे." मेहरनं पडद्यावर पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, "हा मधू मेव्हणा कोन? त्यानं साखर बंद केली काय तुझी?" मोबाइलनं तसंच लिहिलं होतं. नाझिया हसून हसून खाली बसली. मग मी काही खायला नाही म्हटलं, की सगळं घर मधू मेव्हण्याची परवानगी विचारायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिचं रोजचं आयुष्य पाहिलं. दाराची घंटा वाजली की तिच्या मनगटावरचं घड्याळ थरथरतं. भाजीवाला आठ वाजता गाडीवरच्या भाजीचा फोटो गल्लीतल्या बायकांच्या ग्रुपात टाकतो, मग कुणाला किती हवं ते बायका लिहितात. मेहरचं त्यावर गाऱ्हाणं होतं. "लिहून भाव करता येतो. पण नाक मुरडता येत न्हाई ना. निम्मा भाव तर नाकानंच उतरायचा." दूध, औषधं, गॅस, सगळं ती अंगठ्यानं मागवते. आमच्या नाशिकच्या इमारतीतही हे सगळं आहे, पण तिथं ते आळसासाठी. इथं या बाईनं त्यावर आख्खा संसार उभा केला होता.

फक्त एक गोष्ट तिला मिळत नव्हती. इरफान तिला गल्लीच्या कोपऱ्यापुढे एकटीला जाऊ देत नव्हता. मला आणायला स्टेशनवर आली होती तीसुद्धा ओळखीच्या रिक्षावाल्याबरोबर.

त्या दुपारी तिनं दार लोटून घेतलं आणि मला एक मेसेज दाखवला. तिची नात अमरीन, इरफानची मुलगी, लातूरला डॉक्टरकीच्या प्रवेशपरीक्षेची तयारी करते. जूनपासून वसतिगृहात आहे. अभ्यास मोडू नये म्हणून तिथं साधा बटणांचा फोन तेवढा ठेवता येतो. आईबापांशी ती त्यावर रोज पाच मिनिटं बोलते, "सब ठीक" म्हणते. पण फोनमधून आलेलं बोलणं आजीच्या मोबाइलला अक्षरात धड उतरवता येत नाही. आजी-नातीचं बोलणं पाच महिने बंद पडलेलं. आणि आठ दिवसांपूर्वी त्या पोरीनं एकेक बटण तीनतीनदा दाबून आजीला लिहिलं होतं, "दादी, मन लागत नाही. अब्बूंना सांगू नको."

मेहर म्हणाली, "मला लातूरला जायचंय. तू येते म्हणलीस तवा 'ये' का म्हणलं, समजलं?"

मला वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगायचं तर मी खूश झाले. तिला माझा उपयोग होता.

रात्रीच्या जेवणावर तिनं जाहीर केलं, नातीला भेटायला आम्ही दोघी उद्या बसनं लातूरला जाणार. मेसेजचं मात्र काही बोलली नाही. इरफाननं हातातला घास खाली ठेवला. "अम्मी, मी रविवारी गाडीनं नेतो ना. रस्ता ओलांडताना हॉर्न ऐकू यायला पाहिजे." त्यानं ते मोबाइलसमोर म्हटलं.

मेहरनं वाचून उत्तर दिलं. "आता बॅटरीच्या रिक्षा आल्यात. त्या तुला तरी कुठं ऐकू येतात? परवा तुझ्याच पायावरून गेली का न्हाई?"

त्याचा अंगठा अजून निळा होता. तो माझ्याकडे वळला. मला तो खाला म्हणायचा, म्हणजे मावशी. "खाला, तुम्ही बरोबर आहात म्हणून हो म्हणतो. तुमच्या भरवशावर."

मी छातीवर हात ठेवून हमी दिली.

अहमदपूर

लातूरचा रस्ता आता चांगला रुंद झाला आहे. सोयाबीन निघून गेलेलं, काळी रानं नांगरून पडलेली आणि मधूनमधून तूर पिवळीधमक फुललेली. मेहर खिडकीशी बसली होती आणि दिसेल त्या पाटीवरचं नाव मोठ्यानं वाचत होती. लोहा आलं, तेही वाचलं. चार वर्षांत ती एवढी लांब आली नव्हती.

अहमदपूरच्या स्थानकात कंडक्टर म्हणाला, "दहा मिनिटं." मी मेहरला खुणेनं सांगून खाली उतरले. पर्स, मोबाइल, सगळं सीटवर. हातात एक नोट तेवढी होती.

टपरीवर गर्दी होती. मालकानं विचारलं, "मावशी, सुशीला देऊ काय?"

"कोण सुशीला?"

"ही काय." त्यानं कढईकडे झारा दाखवला. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीची फोडणी दिलेली, वर शेंगदाण्याचं कूट आणि कोथिंबीर. पोह्यांपेक्षा हलकं आणि उपम्यापेक्षा चटकदार. हे नाव कसं पडलं ते मी विचारलं. तो म्हणाला, त्याच्या बापालाही माहीत नव्हतं. शेजारच्या एका मास्तरांनी आपली समजूत सांगितली, दुसऱ्यानं ती खोडली, मी दोघांचं ऐकत दुसरी बशी घेतली. वळून पाहिलं तर आमची गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

मी धावले. सदुसष्टाव्या वर्षी माणूस जेवढं धावतं तेवढं धावले. गाडी गेली. चूक सर्वस्वी माझी. कंडक्टरनं "आले का सगळे?" असं विचारलं असणार आणि माझ्या शेजारणीला ते ऐकू गेलं नसणार.

टपरीवाल्यानं आपला मोबाइल पुढे केला. "लावा कुनाला लावायचं ते."

मी मोबाइल हातात धरून उभी राहिले. एके काळी मला नाशिकचे शेकड्यानं नंबर पाठ होते. दवाखाने, द्राक्षांचे व्यापारी, पोलीस चौक्या, झोपेतून उठवून विचारा. आता एकही आठवेना. मेहरचा नाही, इरफानचा नाही, माझ्या सख्ख्या भावाचा नाही. आणि मेहरचा आठवला असता तरी तिनं तो उचलून काय केलं असतं?

ऐकू न येणारी बाई एकटी बसमध्ये, आणि मी छातीवर हात ठेवून हमी दिलेली.

चौकशीच्या खिडकीशी गेले. आत कानटोपी घातलेला एक माणूस होता. मी घाईघाईनं सांगत होते तेवढ्यात त्याचा फोन वाजला. त्यानं मला हातानं थांबवलं. "हाव... हाव... नाशिकच्या? हितंच उभ्या हायत समोर. घाम आलाय त्यांना." त्यानं फोन ठेवला. "तुमच्या गाडीचा कंडक्टर होता. तुमची मैत्रीण पुढं चाकूरला उतरनार हाय."

"उतरणार? एकटी? तिला लातूरपर्यंत न्यायचं ना."

"त्यो बी तेच म्हणला त्यांना. ऐकत न्हाईत म्हणतो."

"अहो, तिला ऐकू येत नाही."

"ते बी सांगितलं त्यानं. पन तसं बी ऐकत न्हाईत." त्यानं कानटोपी सारखी केली. "पाऊण तासानं गाडी हाय. बसा. पानी घ्या."

तो पाऊण तास मला फार लांब गेला. मागची गाडी आली. त्या माणसानं कंडक्टरला सगळं समजावून सांगितलं आणि मला पुढच्या सीटवर बसवून दिलं. चाकूर येईपर्यंत मनात नको नको ते आलं. रस्ता ओलांडायला गेली असेल. कुणी काही विचारलं आणि हिला कळलं नसेल. घाबरून कोपऱ्यात बसली असेल.

चाकूरच्या स्थानकात मेहर बाकड्याच्या मधोमध बसली होती. आमच्या दोन्ही पिशव्या पायाशी आणि भोवती सातआठ बाया. तिचा मोबाइल या हातातून त्या हातात फिरत होता. एकेक जण त्यात बोलायची आणि आपलं बोलणं अक्षरात उमटलेलं बघायची. नऊवारीतली एक म्हातारी मोबाइलला सांगत होती, "माझं नाव लिही. गंगूबाई. नीट लिही." पडद्यावर उमटलं. शेजारच्या शाळकरी मुलीनं ते वाचून दाखवलं. म्हातारीनं पदरानं पडदा पुसला आणि पुन्हा बघितलं. "हेच काय माझं नाव? चांगलं दिसतंय की."

मेहरनं मला पाहिलं. मला वाटलं, आता बोलणी बसणार.

"आलीस? बस. ह्या ताई शेंगा देऊन राहिल्यात, खा." मग मोबाइलकडे हात करून म्हणाली, "कंडक्टरला हे दाखवलं. म्हणलं, माझी मैत्रीण राहिली, तिला काही येत न्हाई, फोनबी न्हाई तिच्याकडं. बिचारी घाबरली असंल."

मी शेंगा खाल्ल्या.

लातूर

लातुरात शिरलं की पहिल्यांदा पाट्या दिसतात. क्लास, अभ्यासिका, वसतिगृह, मेस. एकेका इमारतीवर हसऱ्या मुलांचे फोटो आणि खाली त्यांचे मार्क. दुपारी क्लास सुटला तेव्हा रस्ता पाठीवरच्या पिशव्यांनी भरून गेला. एका गोष्टीचं मला नवल वाटलं. आमच्याकडे एवढी तरुण मुलं रस्त्यानं चालली की सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये असतात. इथं बहुतेकांचे हात रिकामे होते. मुलं एकमेकांशी बोलत, वाद घालत, हवेत बोटानं गणितं काढत चालली होती.

वसतिगृहाच्या फाटकावर मोबाइल जमा करायचा नियम होता. मेहरचा मोबाइलही गेला. मी तिथल्या बाईंना सांगायला लागले की यांचे कान त्यात आहेत, तर मेहरनं माझा दंड धरला. "राहू दे," म्हणाली. "नातीला भेटायचंय मला. ऑपरेटर कायको पाहिजे?"

अमरीन जिन्यावरून उतरली. उंच, बारीक, डोळ्याखाली काळं. आजीला बघून पायरीवरच थांबली. मग जे झालं त्याला बोलणं लागलं नाही. मी बाहेर जाऊन समोरच्या हॉटेलात बसले आणि निलंगा राईस मागवला. हा मसाल्याचा पिवळा भात लातूरकर सकाळ-दुपार कधीही खातात. मी तो फार हळूहळू खाल्ला.

दोन तासांनी त्या दोघी बाहेर आल्या. अमरीनच्या हातात एक रफ वही होती. ती लिहायची, आजी वाचून तोंडानं उत्तर द्यायची. बारा पानं भरली होती. त्या वहीत अर्धंच संभाषण होतं, नातीच्या बाजूचं. मी ती वाचायला मागितली नाही. मेहरनंच मला थोडक्यात सांगितलं. फिजिक्स डोक्यावरून जातंय. सगळ्यांना येतंय आणि मला एकटीलाच येत नाही असं वाटतं. अब्बूंनी एवढं केलंय, त्यांना कसं सांगू.

"मग?"

"मी म्हणलं, मला नोकरीत पहिल्या महिन्यात एकबी लाइन धड जोडता येत नव्हती. चुकीच्या घरात चुकीचा मानूस लावून द्यायची. एका व्यापाऱ्याला तर भलत्याच्याच सासऱ्याशी बोलायला लावलं. त्यो अर्धा मिनिट बोलला बी." अमरीन हसली. हसल्यावर ती आजीसारखी दिसत होती. "जानेवारीपर्यंत बघते म्हणली. तवर मी दर दुसऱ्या रविवारी येनार. अब्बूला ती आज स्वतः सांगनार."

आम्ही समोरच्याच हॉटेलात बसून इरफानला फोन लावला, चेहरा दिसतो तसा. अमरीननं सगळं सांगितलं. त्यानं हातातलं काम बाजूला ठेवलं. मग मुलीला म्हणाला, "बेटा, मी दहावीला गणितात दोनदा नापास झालो होतो. तुला कधी सांगितलं नाही." अमरीननं ते आजीसाठी वहीत लिहिलं. मेहर म्हणाली, "दोनदा न्हाई, तीनदा."

अहमदपूरची हकिकतही तिनं आपणहून सांगितली. इरफानचा चेहरा बदलला. "खाला, तुमच्या भरवशावर..." तो म्हणू लागला. मेहरनं त्याचा चेहरा पाहिला आणि वाक्य पूर्ण होऊ दिलं नाही. "हरवली ती. सापडवली मी. आता उद्या मी एकटी नांदेडला येते. तू ठिपका बघत बस."

ठिपका म्हणजे मोबाइलमध्ये माणूस कुठं आहे ते नकाशावर दिसतं तो. इरफाननं फोनवर सांगत अमरीनकडून आईचा ठिपका स्वतःला आणि मलाही जोडून घेतला. रात्री आम्ही दोघी तिथल्याच एका लॉजवर राहिलो. हो म्हणायला त्याला रात्रभर लागली, पण सकाळी मला त्याचा मेसेज आला, "खिडकीशी बसवा."

दुसऱ्या दिवशी मी तिला नांदेडच्या गाडीत बसवलं. पुण्यावरून नाशिकला जायचं होतं, ती माझी गाडी दुपारी होती. निरोप घेताना तिनं मोबाइल पुढे धरला. मी नुसती उभी राहिले. पडदा कोरा. तिनं तो बघितला, ओढणीत ठेवला आणि म्हणाली, "समजलं."

मी स्थानकातच बसून ठिपका बघत होते. चाकूर आलं, गेलं. अहमदपूरला थांबला, मी मिनिटं मोजली. चालू लागला. लोहा आलं, गेलं. नांदेडचा पूल ओलांडून तो शहरात शिरला तेव्हा मी शेजारच्या अनोळखी बाईंना उगीचच सांगितलं, "पोचली."

दहा मिनिटं ठिपका स्थानकात होता. मग निघाला. घराच्या रस्त्याला लागेल म्हणून बघत होते, तर तो बाजार मागे टाकून सरळ उत्तरेला चालू लागला. इरफानचा फोन आला. त्याच्या आवाजात धाप होती. "खाला, ठिपका घरावरून पुढं गेला. अम्मी कुठं चालली? मेसेज बघत नाही."

मी लिहिलं, "नांदेड, कुठे आहेस?" चार मिनिटं काही नाही. मग उत्तर आलं.

"अर्धापूरच्या गाडीत. मावसबहीण राहते तिथं. कान गेल्यापासून भेटले नाही. आता बाहेर पडलेच आहे तर जाऊन येते. इरफानला सांग, संध्याकाळी येते."

मी इरफानला ते वाचून दाखवलं. तिकडे दुकानात कुणीतरी मोबाइलची काच बदलायचा भाव विचारत होतं.

त्याला भाव सांगून तो म्हणाला, "खाला, तिला लिहा, अर्धापूरला गेलीच आहेस तर येताना तिथली केळी घेऊन ये."